थ्री फेज

वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत,
गुरसिद्धाप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.
आत गोणपाटाच्या पडद्याआड एक टीव्ही,
अर्ध्या तासाला अडीच रुपये.
पिवळ्या कॅसेटवर लिहिलेलं, नव्व्याण्णव गेम.
निघाले सहा. त्यातला चौथा हा.

आम्हाला वाटलं क्रिकेटच आहे,
कुणीतरी स्टंप चोरून नेलेत
आणि किपरच्या तोंडाला जाळी बांधलीय.
नियम कुणी सांगितले नाहीत.
हरत हरत कळले.

खालचा बाण दाबून फेकला की चेंडू सुसाट.
वरचा दाबला की असा यायचा
जशी घागरी लटकवलेली सायकल
टिळकवाडीचा चढ चढते.
आणि हातातून सुटल्यावरही
डावा-उजवा दाबत राहिलं, तर वाटेत वळायचा.
सुटलेल्या गोष्टीला वळवता येतं
हे त्या वयात फारच मोठं वाटलं.

समोर कस्तूरी. समोर म्हणजे शेजारीच,
एका चटईवर, दुसरा रिमोट तिच्या हातात.
बैलहोंगलची, सुट्टीला मामाकडे आलेली,
कानडी शाळेत सातवी.
बॅट धरली की स्वतःलाच सांगायची, होडी, होडी.
मला पहिले दोन दिवस पाणी दिसायचं,
पाण्यात शीड.
मग कळलं, ती मार म्हणतेय.

माझी युक्ती साधी.
दोन सुसाट, बाहेरच्या कडेनं,
ती फिरवायची, चुकायची.
तिसरा घागरीवाला.
तो पोचेपर्यंत तिची बॅट फिरून,
घरी जाऊन, जेवून आलेली असायची.
सोमवार माझा, मंगळवार माझा.
बुधवारी ती एकदाही चुकली नाही.

गुरुवारी लक्षात आलं,
माझ्या रिमोटचा खालचा बाण करकरतो.
करकर आली की ती लगेच फिरवायची,
नाही आली की थांबायची, बगळ्यासारखी.
मी अंगठा शर्टाखाली लपवला होता.
आवाज लपवायचा राहून गेला होता.

म्हणून मी माग धरले.
भिंतीपलीकडे कामकरांचे चार माग,
खटाक् खट, खटाक् खट,
धोटा जसा आमच्याच पाठीवर आपटतोय.
त्या खटाक् वर बाण दाबायचा,
करकर त्यात विरून जायची.
पलीकडे अख्खा पदर विणून झाला,
इकडे तिला एक धाव मिळाली नाही.
तुझं रिमोट मुकं झालं काय की, म्हणाली.

शनिवारी, शेवटच्या डावात,
माझी एक धाव पुढे, तिचे दोघं तळांवर उभे,
थ्री फेज गेली.
माग थांबले, चारही, एकदम.
सिंगल फेज राहिली.
टीव्ही चालू, पंखा चालू,
आणि गल्ली इतकी गप्प
की गुरसिद्धाप्पांचं शिसं वितळताना ऐकू यावं.

मी खालचा बाण दाबला. करकर.
सोडला.
आणि वरचा दाबून टाकला घागरीवाला,
सुटल्यावर उजवीकडे रेटत राहिलो.
कस्तूरीचा अंगठा हलला नाही.
ती टीव्हीकडे बघतसुद्धा नव्हती.
निधान, म्हणाली, स्वतःलाच. सावकाश.
मग मला म्हणाली,
दोन करकर असतात रे,
दाबल्याची एक, सोडल्याची एक.

बॅट फिरली.
चेंडू वर गेला, वर, नुसती सावली उरली मैदानात,
तिच्यामागे माझी तीन चौकोनी माणसं धावतायत,
आणि सिंगल फेजही गेली.

अंधारात आम्ही बराच वेळ भांडलो,
झेल, की सीमेपार.
मी मराठीत, ती कानडीत.
समजत नव्हतं असं नाही,
सगळं समजत होतं, म्हणूनच लांबलं.
गुरसिद्धाप्पांनी मेणबत्ती आणली,
दोघांकडून सव्वा-सव्वा रुपया घेतला
आणि चेंडू कुठे पडला
ते काही विचारलं नाही.