कंदील, अठ्ठावीस मिलिमीटर

घणसोली, सेक्टर सात, रात्रीचा दीड.
भिंगाखाली बोटाच्या पेराएवढा बुटका,
हातात कंदील.
तीन शून्यांच्या ब्रशने मी तो पेटवतोय
गेले चार रविवार.

पहिल्यांदा नारिंगी सगळीकडे फासला,
दाढीवर, ढालीवर, थेट बुटांपर्यंत.
तन्वीर म्हणाला, "कंदील लागलाय की फुटलाय?"
स्पिरिटमध्ये बुडवून पुन्हा करडा केला.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर खाली
गेटचा दिवा गेलेला,
आणि वॉचमन दुबेकाका बिडी पेटवत होते.
काडी ओंजळीत.
तळवे आतून लाल,
नाकपुड्या, वरच्या ओठाची कड,
भुवयांची फक्त खालची बाजू.
टोपी काळीच. खांदे तर नव्हतेच.
काडी विझली, काका मिटले.

परत येऊन आधी अंधार कालवला:
निळ्यात थोडा तपकिरी, पाण्यासारखा पातळ.
ढालीची चकाकी मारताना जीव तुटला,
तिच्यात अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती.
मग कंदिलाच्या जागी डोळा नेऊन बघितलं,
इथून काय काय दिसतं?
हनुवटी. पट्ट्याचं बक्कल. अंगठा.
दिसलं तेवढ्यालाच नारिंगी,
आणि काचेत एक टिंब पिवळं,
जवळजवळ पांढरं.

साडेसातला महापेची बस आहे.
तरी डाव्या कानाच्या पाळीवर
सवयीने टेकलाच ब्रश.
तिथून कंदील दिसत नाही.
थुंकी लावून पुसला.