वाढत्या अंगाचं

रात्रशाळा नाना पेठेत,
मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानांवर.
जिन्यात ग्रीसचा वास, वर खडूचा.
पहिल्या बाकावर द्रौपदा लोंढे,
दिवसभर खानावळीत पोळ्या लाटून आलेली,
कोपरापाशी पीठ तसंच.
मागे मार्केट यार्डातला नवनाथ,
कांद्याची पोती वाहून
डोळे उघडे ठेवायची शर्थ करणारा.
आणि मी, रविवार पेठेत काजं-बटणं करणारा.
आम्हा सगळ्यांना पस्तीस हवे होते.
छत्तीससुद्धा नकोत.

शिकलगार बाईंनी पहिल्या चाचणीची वही परत दिली.
मार्क नव्हते.
सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ:
"इथपर्यंत पटलं. पुढचं का लिहिलंस?"
पाठ आहे म्हणून, मी म्हणालो.
"मग पुन्हा."

चारदा पुन्हा.
पाचव्यांदा मी वही आपटली.
बाई, आम्ही कामावरून येतो.
काठावर घाला की, तुमचं काय जातं?

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
बाई माझ्याच बाकावर येऊन बसल्या,
मला सरकावं लागलं.
"तुमच्याकडे युनिफॉर्म शिवतात ना?
पाचवीतल्या पोराच्या पँटला खाली किती दुमडता?"
अडीच इंच. वाढत्या अंगाचं.
"आई म्हणते का त्याची,
आहे एवढाच राहणार, कापड वाचवा?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

"पस्तीसचं तुझं माप कोणी घेतलं, झिरपे?
मी तर नाही घेतलं."
पेन्सिल माझ्या हातात दिली
आणि उठल्या नाहीत.
दहाची स्वारगेटची बस खालून गेली, त्यांची.
बाईंनी खिडकीकडे बघितलं, मग आकृतीकडे.
"कर्ण कुठला? बोट ठेव."

त्या रात्री काही जमलं नाही.
बुधवारी जमलं.
तेही नवनाथने झोपेतून उठून
माझी एक चूक दाखवली म्हणून,
त्याचा राग अजून आहे मला.

द्रौपदा मार्चात गेली. भूमितीत.
निकालाच्या संध्याकाळी बाई तिच्या खानावळीत जेवल्या,
दुसरी पोळी वाढून घेताना म्हणाल्या,
"सोमवारी ये. त्रिकोणापासून."
ऑक्टोबरात सुटली ती.
माझे मार्क विचारू नका,
पस्तीस नव्हते एवढं सांगतो.

आता दुकान माझं आहे.
जूनमध्ये आया रांगेत, पोरं टाचा उचलून उभी.
मी टेप घोट्याच्या खाली सोडतो,
कापड दुमडतो,
टाका असा घालतो की उसवताना कापड फाटू नये.
परवा एक पोरगं आरशात बघून रडकुंडीला आलं:
काका, हे मोठं होतंय.

म्हटलं, असू दे.
दिवाळीनंतर ये, एक दुमड सोडून देतो.
पैसे नाही घेणार.