टॉर्च

फॉर्म शुक्रवारी बंद होतो.
आज बुधवार, आणि देवानंदच्या सेतू केंद्रात
प्रिंटर अडकलाय, म्हणून मला वेळ मिळालाय.

काकू रोवणीच्या बांधीतून वर न पाहता म्हणाली,
लोकायचं हागणं-मुतणं काढायले
बारावीत एकाहत्तर टक्के घेतले का व पोरी?
बाबा काहीच म्हणाले नाहीत.
वसतिगृहाची फी विचारली फक्त, दोनदा,
दुसऱ्यांदाही पहिल्यांदाच विचारल्यासारखी.
सिंदेवाहीच्या मॅडम म्हणतात, नोकरी पक्की.
सगळ्यांचंच खरं असेल.

चैतात धाकट्या अंकुशला जुलाब लागले
तेव्हा आम्ही रात्रभर आरोग्य केंद्रात होतो.
खिडकीबाहेर मोहाचा वास, आत फिनाईलचा.
पलीकडच्या खाटेवर बिसन आजा,
आणि वास सहन होईना म्हणून
त्याचा मुलगा बाहेर, कडुलिंबाखाली, मोबाईलच्या उजेडात.

अकराला लाईन गेली. इन्व्हर्टर महिन्याभरापासून मुका.
कुमरे सिस्टर एकट्याच. मला म्हणाल्या,
टॉर्च धर पोरी. त्याच्या हातावर. माझ्या तोंडावर नको.

शीर सापडेना.
कातडी वाळल्या केळीच्या सोपटासारखी,
सुई आत, सुई बाहेर, पुन्हा आत.
आजा त्यांच्या आईवरून शिव्या देत होता
आणि त्या प्रत्येक शिवीला,
हो जी. झालंच जी. हो जी.
माझा हात हलला की उजेड
भिंतीवरच्या पालीपर्यंत जायचा.
श्वास सोड पहिले, त्या म्हणाल्या.
सोडला.
तिसऱ्यांदा शीर लागली.

मग थेंब. मी मोजू लागले,
कोणी सांगितलं नव्हतं.
आजाचे मिनिटाला बावीस, अंकुशचे तीस.
बावीसचे अठरा झाले तेव्हा
मीच उठून हाक मारली.

चारच्या सुमाराला आजा गेला.
त्यांनी डोळे मिटले, हनुवटी पट्टीनं बांधली,
बाहेर जाऊन मुलाला सांगितलं.
खांद्यावर हात नाही ठेवला,
तो बोलेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, एवढंच.
त्याला बोलायला बराच वेळ लागला.
मग आत येऊन रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

आणि मला भूक लागली.
खरीखुरी, पोटात पीळ पाडणारी.
अंकुशच्या पुड्यातली तीन बिस्किटं
मी भिंतीकडे तोंड करून खाल्ली.

हे आईलाही सांगितलं नाही.
तीन महिने मी त्या बिस्किटांशी अडून बसले आहे.
काकूचं घाणीचं बोलणं मला लागतच नाही,
गोठा मीच काढते रोज.
पण ज्याला रडू येत नाही
त्यानं या कामात पडू नये,
की त्यानंच पडावं?

गेल्या मंगळवारी सायकल काढून विचारायला गेले.
कुमरे सिस्टर लसीच्या डब्यात बर्फ भरत होत्या.
सगळं ऐकून घेतलं.
मले आजबी लागते भूक, त्या म्हणाल्या.
पहिल्या वर्षी ओकत होती मी,
दुसऱ्या वर्षी होस्टेलातून पळून घरी गेली,
मायनं परत आणून सोडलं.
आवडते आता. रोज नाही आवडत.
मग मनगटानं घाम पुसून,
तुले जमन का नाही, ते मले काय माहीत?
धर हे.
डब्याचं थंड झाकण माझ्या हातात देऊन
त्या बर्फ दाबत राहिल्या.

प्रिंटर सुटतो.
शेवटचा रकाना, देवानंद म्हणतो,
हा अभ्यासक्रम का निवडत आहात?
सेवा लिहू ना? सगळ्या पोरी तेच लिहितात.
मी म्हणते, लिही, टॉर्च धरता येतो.
तो हसतो, तरी टाईप करतो.
चौकट लाल होते.
कमीत कमी शंभर अक्षरं मागते ते, बाई.

मी बाहेर बाकावर येऊन बसते.
टॉर्च धरता येतो. सात.
आणि मोजता येतं. चौदा.
समोर एसटी थांबते, दोघं उतरतात, एसटी जाते.
आज बुधवारच आहे.