खाली घे

पहिला महिना छर्रा मिळणार नाही,
इंगवले मॅडमनी आल्या आल्याच सांगितलं.
दुधाळीच्या त्या लांबट रेंजवर आम्ही सातजण,
उसनी जॅकेटं इतकी कडक
की हात खाली पडेचना.

डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकव.
गाल बटावर ठेव, दाबू नकोस.
रायफल हातानं पेलायची नसते गं,
हाडांवर ठेवायची असते.
आणि चाप ओढायचा नाही,
दाबत राहायचं. सुटेल तेव्हा सुटेल.

दहा मीटरवर काळा ठिपका
कड्यात आला, गेला, आला.
माझंच काळीज त्याला हलवतंय
हे कळायला तीन दिवस गेले.
शेजारचा इम्तियाज म्हणाला,
बैलगाडीत बसून सुईत दोरा ओवल्यागत हुतंय.

चौथ्या दिवशी मॅडम मागं उभ्या राहिल्या.
अर्धा श्वास सोडून मी थांबले,
थांबलेच.
डोळ्यांत पाणी आलं तरी.
"अगं, खाली घे! न मारता खाली घ्यायला
लाज कसली?"
मग हळूच, "एवढा दम धरायला कुठं शिकलीस?"

सांगितलं नाही.

हुपरीला आई पैंजणाच्या कड्या जोडते.
डाक द्यायच्या आधी श्वास रोखते
आणि समोर बसून मीही रोखते,
लहानपणापासून, उगाचच.

संध्याकाळच्या एसटीत दंड भरून आले होते.
घरी दिव्याखाली आईचा चिमटा,
चिमट्यात डाळीएवढी कडी.
मी दारातच थांबले.
कडी हलली.
आईनं चिमटा खाली घेतला,
पदरानं डोळे पुसले,
पुन्हा उचलला.