बोट नाही

नववा दिवस. मिचिनेस बेटाला बोट नाही.
धक्क्यावर लाटा छपरापर्यंत चढतायत.
सुन्वाने भरलेली बॅग रिकामी केली,
मोजे कपाटात, बहिणीसाठीचं सुकं मटण परत खुंटीला.

मग किल्ल्यांचा खण उपसला,
तीस वर्षं ‘बघू कधीतरी’ म्हणून राहिलेला.
एकेक किल्ली घरभर हिंडवली:
ही मेंढवाड्याची. ही नवऱ्याच्या अवजारपेटीची,
आत करवत, अर्धी सिगारेट.
ही घड्याळाची. फिरवली तर
टोले भलत्याच वेळी पडले. पडू दिले.

तीनलाच अंधार.
उरली एक पितळी, कुठेच न लागणारी.
ती तळहातात ऊबदार होईतो बसली, तेव्हा आठवलं:
बिर्नाचं दार. समुद्रापलीकडचं.

तेल लावलं, फडक्याने पुसली,
रिकाम्या बॅगेत
तेवढी एकच ठेवली.