त्रिकोणाच्या बाहेर

पहिली दिशा मिकिनेसच्या कड्यावरून आली.
एकच अँटेना, एकच कान.
‘एकशे बारा अंश,’ हानुस म्हणाला,
‘नाहीतर बरोब्बर उलट्या बाजूला.
रात्रीचं काही खरं नसतं.’
रात्री हाक आभाळाला लागून खाली येते,
डोंगरावर आपटून येते,
आणि विचारलं तर आपलं गाव भलतंच सांगते.

दुसरी रेघ सुम्बहून. तिसरी फुग्लॉयहून,
जिथे जनरेटर खोकत होता आणि ड्यूटीवरची पोर
हातमोजे न काढताच बटणं फिरवत होती.
तीन रेघा एका बिंदूत भेटतात
त्या शिकवणीच्या फळ्यावर.
माझ्या नकाशावर त्यांनी एक त्रिकोण सोडला,
भर समुद्रात, सात मैल रुंद.

बोट पाठवूया, मी म्हणाले.
हानुसने पेन्सिल कानामागे खोचली.
‘पाठव. पण तिघं थोडे थोडे चुकले की
मधे जे उरतं, त्याला आपण जागा म्हणतो.
चारातल्या तीन वेळा
हाक मारणारा त्याच्या बाहेर असतो.’

मग चौथा कान शाळेच्या माळ्यावर लावला,
पाचवा लोकरीच्या गोदामात.
सगळी घड्याळं एका ठोक्यावर आणली.
आता कुणाला दिशा विचारलीच नाही.
एवढंच: आधी तुला ऐकू आलं की तुला?
किती आधी?
सेकंदाचे दहा लाख तुकडे, त्यातले तीसेक.
प्रत्येक जोडीने आपापली वाकडी रेघ ओढली
आणि ती जागा आक्रसत, सरकत
पाण्यातून बाहेर आली,
खडक चढली,
सुन्नेवाच्या नावघरात शिरली.

फळीवर नारिंगी डबा. दिवा लुकलुकतोय.
तिच्या नवऱ्याच्या होडीवरचा,
त्या दिवशी दुरुस्तीसाठी म्हणून घरी राहिलेला.
‘नवी बॅटरी घातली,’ ती म्हणाली.
‘ऐकू जातं का, बघायचं होतं.’

दंडाचं पुस्तक माझ्या खिशातच राहिलं.
‘आधी किती चुकलात?’
‘अकरा मैल.’
‘आणि आता?’
‘दाराची कडी शोधण्याइतकं.’
तिने मान हलवली, उत्तरपत्रिका तपासावी तशी,
आणि सुक्या मटणाचा तुकडा कापून हानुसपुढे धरला.
तो कधीच नाही म्हणत नाही; आज म्हणाला.

मग तिनेच बटण बंद केलं.
शांतताही पाची कानांना एकदम पोचली नाही.
हातमोजेवाल्या पोरीला
सगळ्यांत शेवटी.