चाचणीचा कागद

बाप माझा सावद्याला केळीचा मुकादम.
घडाकडे नुसतं बघून सांगायचा,
धार मोडली, उद्या कापा,
नाहीतर, राहू द्या आठ दिवस, वजन धरेल.
चुकला असेल दोनदा, फार तर तीनदा,
साऱ्या हयातीत.
मला ते डोळे मिळाले नाहीत.
मला मिळाली शिट्टी,
आणि भुसावळच्या यार्डामागचं हे मैदान,
जिथे मालगाडीचं शंटिंग सुरू झालं
की माझं ओरडणं मलाच ऐकू येत नाही.

सत्तेचाळीस पोरं, जागा अठरा.
वेग मोजता येतो, घड्याळ आहे.
डावा पाय चालतो की नुसता सोबतीला आहे,
तेही दिसतं.
कागदावर शेवटचा रकाना : वृत्ती.
दहापैकी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी विचारायचो,
फुटबॉल का खेळतोस?
देशासाठी सर, म्हणायची पोरं, छाती काढून.
निनाद फेगडे म्हणाला, रक्तात आहे.
त्याला मी नऊ दिले.
वाकून नमस्कार करायचा, काटेरी बाभळीतून चेंडू काढून आणायचा,
सगळं माझी मान तिकडे वळलेली असताना.
धुळ्याच्या सामन्यात समोरचा बॅक धिप्पाड निघाला,
चौथ्या मिनिटाला निनाद गुडघा धरून बसला.
तोच गुडघा संध्याकाळी
शेवभाजीच्या हॉटेलापर्यंत
सगळ्यांच्या पुढे चालत गेला.

त्याच वर्षी हुसेन तडवी म्हणाला होता,
सर्टिफिकेटसाठी. पोलीस भरतीत कामी येतं.
माझं पेन थांबलं.
चार लिहिले, मग दया येऊन पाच केले.
अठरावा सापडेना म्हणून राखीव घेतला.
हंगामभर बाकावर. पण प्रत्येक सामन्यात
मध्यंतराला उठून एकटाच रेषेकडेनं पळायचा,
अंग गरम ठेवायचा,
कोणी सांगितलेलं नसताना.
सर्टिफिकेट हातात पडलं त्याच दिवशी
कॉलेजचे बूट परत करून गेला.
तळव्यांतली माती काडीनं कोरून काढलेली,
लेसा धुतलेल्या.
पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.
याला काय म्हणायचं?
खेळावर जीव नव्हता, हे तर खरंच.
तरी आज कोणी म्हटलं, एकाच पोराच्या हाती
घराची किल्ली देऊन गावाला जा,
तर मी निनादचं नाव घेणार नाही.

आता हा जामसिंग पावरा. धडगावकडचा.
बूट कोणाचे तरी, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
सकाळपासून एक शब्द नाही,
आणि बोलला तो थेट कप्तानाला, तोंडावर,
पास चुकीचा दिलास.
वाघुळदे लाल झाला.
मी रकान्यात उर्मट लिहायला घेतलं, उ काढलासुद्धा.
सुपडू मागे फक्की मारत होता.
मान वर न करता म्हणाला,
मले त काई समजत नाई सर,
पन पास चुकलाच व्हता ना?

चुकला होता.

मागच्या साली संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा
मी संघात घेतला. वृत्ती : आठ.
तो कागद कपाटात आहे,
खाली माझी सही, मराठीत, वळणदार.
माझ्यासाठी असा रकाना कोणी आखला नाही, हे बरं.
बाप अंथरुणाला खिळल्यावर एकदा म्हणाला होता,
घड बोलत नाही रे, म्हणून जमलं.
तेव्हा मला वाटलं, तापात बरळतोय.

उ तसाच ठेवला. पुढे उमदा होईल,
उनाड होईल, उद्या बघू.
ऊन कलंडलं होतं. मी शिट्टी फुंकली
आणि नेमकी तेव्हाच मालगाडी हलली.
अर्धी पोरं थांबली, अर्धी खेळत राहिली.
जामसिंग खेळत राहिला.
कोणाला ऐकू आली नाही
आणि कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं,
इथून कळत नव्हतं.